नळीवर एकच नाव

जांभळ्या झाकणाच्या नळीवर एकच नाव असतं. आईचं. बाळाला अजून नाव नाही. बारशापर्यंत ते 'अमकीचं बाळ' एवढंच. प्रसूतिकक्षातून नुकतीच आलेली नळी हातात घेतली तर अजून कोमट लागते. तळाशी रक्त गोठू न देणारं ईडीटीए, वर दोन-तीन मिलिलीटर रक्त, आणि पांढऱ्या पट्टीवर सिस्टरनं घाईत लिहिलेलं नाव, वय, गाव. गाव कधी पवनीकडचं, कधी लाखांदूरकडचं, कधी तुमसरच्याही पुढचं, जिथून मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर आहे. सोबतच्या कागदावर एक ओळ: आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. ती वाचली की माझं काम ठरतं. एकीच्या नावानं आलेल्या रक्तात मला दुसऱ्याला शोधायचं असतं.

भंडाऱ्यात हे काम रोजचं नाही. रोज येतं ते हिमोग्लोबिन, मलेरियाची काचपट्टी, साखर, लघवी, सिकलसेलची सोल्युबिलिटी. रोवणीच्या दिवसांत गर्भार बायका बांधीतल्या चिखलातून थेट तपासणीला येतात. पायांच्या बेचक्यांत माती तशीच असते आणि हिमोग्लोबिन आठाच्या पुढं सरकत नाही. त्या गर्दीत आईच्या रक्तात बाळाच्या पेशी शोधणाऱ्या क्लाइहावर-बेटके तपासणीची मागणी आली की मी बाकीचं जरा बाजूला सारते. ही तपासणी जुनी आहे, मोठ्या यंत्राविना होते, आणि तरीही माझ्या हातून होणाऱ्या सगळ्या कामांत ती मला सर्वांत नाजूक वाटते.

आईचं रक्त वेगळं, बाळाचं वेगळं, मध्ये वार. असं आम्हाला शिकवलं आणि ते खोटं नाही. वारेच्या पातळ पडद्यातून प्राणवायू जातो, अन्न जातं, आईची प्रतिपिंडं जातात. रक्तपेशींनी मात्र ज्याच्या त्याच्या बाजूला राहायचं असतं. पण पडदा तो पडदाच. गर्भारपणात कुठंतरी बारीकशी चीर पडते आणि थेंबाचा अंश इकडं येतो. वार सुटताना तर येतोच येतो. बहुतेक बाळंतपणांत हे रक्त चार मिलिलीटरच्या आतलं असतं. एखादीची वार अवेळी सुटते, एखादी मोटारसायकलवरून पडते, पोटावर मार बसतो. मग तीस, चाळीस, क्वचित शंभर मिलिलीटर. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम अडीचशे ते पावणेतीनशे मिलिलीटर, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्यांचं वजन कळतं. बाळ आतल्या आत फिकं पडत जातं. बाहेर एक थेंबही सांडलेला नसतो. ते रक्त आईत सांडलेलं असतं.

ते ओळखायचं कसं? तांबड्या पेशी दिसायला सारख्याच. आईची कोणती, लेकराची कोणती, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. फरक असतो तो पेशीच्या पोटातल्या हिमोग्लोबिनमध्ये. गर्भातल्या जिवाला हवा आईच्या रक्तातून ओढून घ्यावी लागते, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवतं. तसंच ते चिवटही असतं. वारेतलं रक्त अल्कलीत सहजी विरघळत नाही, हे कोर्बर यांनी १८६६ मध्येच नोंदवलं होतं. १९५७ मध्ये एन्नो क्लाइहावर, हिल्डेगार्ड ब्राउन आणि क्लाउस बेटके या तिघा जर्मन संशोधकांनी हाच चिवटपणा काचपट्टीवर, एकेका पेशीत दाखवून दिला. त्यांनी अल्कलीऐवजी आम्ल वापरलं.

रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरायचा, हवेवर वाळवायचा. ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं ठेवून धुवायचा. मग सदतीस अंशांवर कोमट केलेल्या आम्ल बफरमध्ये बुडवायचा. त्याचा पीएच ३.३ च्या आसपास हवा. इथं हयगय चालत नाही. आम्ल सौम्य पडलं तर आईचं हिमोग्लोबिन आतच राहतं, जहाल झालं तर बाळाचंही जातं. ठरल्या मिनिटांत मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन पेशीतून झिरपून निघून जातं, मागं नुसती कड उरते. बाळाचं जागचं हलत नाही. मग हिमॅटॉक्सिलीन, मग इओसिन. काचपट्टी वाळली की चाळीसच्या भिंगाखाली घ्यायची. तेव्हा जे दिसतं ते उफणल्या खळ्यासारखं असतं: जिकडं तिकडं फोल, आणि त्यात मधूनच एखादा भरला दाणा. गर्द गुलाबी, गोल, काठोकाठ. ती बाळाची पेशी.

पहिली सापडेपर्यंत मी बोलत नाही. सापडली की मात्र कुणाला तरी हाक मारून दाखवावीशी वाटते, अजूनही. डॉपलरवर बाळाचे ठोके ऐकताना घरच्यांचा चेहरा जसा होतो तसाच माझा होत असावा. पलीकडच्या खोलीत कापडात गुंडाळलेलं बाळ झोपलेलं असतं, आणि इथं त्याच्या रक्ताचा कण आईच्या रक्तातून निघून माझ्या भिंगाखाली आलेला असतो.

मग मोजणी. निदान दोन हजार पेशी मोजायच्या, आणि पेशी मोजायच्या म्हणजे ती रिकामी फोलंही मोजायची. ती इतकी फिकट असतात की डोळ्यांना पाणी येतं. दोन हजारांत बाळाच्या सोळा निघाल्या तर झाले ०.८ टक्के. त्याला पन्नासनं गुणलं की आईत आलेलं बाळाचं रक्त कळतं, चाळीस मिलिलीटर. अशा आईला टोचतात त्या अँटी-डी प्रतिपिंडाची तीनशे मायक्रोग्रॅमची एक कुपी तीस मिलिलीटर रक्ताला पुरते. म्हणजे या आईला एक पुरणार नाही, दोन लागतील. हे सगळं गणित चौथीतलं पोर करील. पण त्या सोळांतल्या चार माझ्या नजरेतून सुटल्या तर हिशेब बाराचा होतो, बारांचे तीस मिलिलीटर होतात, आणि एका कुपीत काम भागलं असं वाटून जातं.

पडताळ्यासाठी शेजारी आणखी दोन काचपट्ट्या लावतात. एकीवर नाळेचं रक्त मोठ्या माणसाच्या रक्तात मिसळलेलं, दुसरीवर नुसतं पुरुषाचं. पुरुषाचं अशासाठी, की त्याला कधी गर्भ राहिलेला नसतो. तसं पाहिलं तर त्याच्याही अंगात त्याच्या आईच्या काही पेशी असतात, कारण पेशी दोन्हीकडून ये-जा करतात. पण त्या मोठ्या बाईच्या पेशी, आम्लात रिकाम्या होणाऱ्या. त्याची आई या तपासणीला दिसत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, हे पुढच्या बाळंतपणात कळतं. निगेटिव्ह आईच्या अंगात पॉझिटिव्ह बाळाच्या पेशी शिरल्या की तिचं शरीर त्यांना परकं समजून प्रतिपिंडं बनवायला शिकतं. पहिलं मूल सहसा सुखरूप सुटतं. दुसऱ्या वेळी तीच प्रतिपिंडं वार ओलांडून आत जातात आणि बाळाच्या पेशी फोडतात. मूल पोटातच सुजतं, जातं, किंवा पिवळंजर्द होऊन जन्मतं. 'पहिलं राहिलं, मग एकही जगलं नाही' अशा बायका आमच्या आजी-पणजीच्या पिढीत गावोगाव होत्या. त्यांच्या कपाळी काय काय लिहिलं गेलं ते आठवलं तरी संताप येतो: पांढऱ्या पायाची, कूस जळलेली. फिलिप लेव्हिन आणि स्टेट्सन यांनी १९३९ मध्ये न्यू यॉर्कमधल्या एका आईची हकिगत छापली. तिचं बाळ मृत जन्मलं होतं आणि नवऱ्याचं रक्त दिल्यावर तिला विलक्षण त्रास झाला होता. दोष कुणाचाच नव्हता, दोघांच्या रक्ताची ती आपसांतली गोष्ट होती, हे तिथून उलगडत गेलं.

उपाय निघाला त्यात क्लाइहावरच्या काचपट्टीचा हात आहे, आणि हे मला माझ्या कामाचं भूषण वाटतं. लिव्हरपूलमध्ये रोनाल्ड फिन आणि त्यांचे वरिष्ठ सिरिल क्लार्क बाळंतिणींच्या रक्तात बाळाच्या पेशी मोजत होते. क्लार्क हे फुलपाखरांच्या आनुवंशिकतेत रमलेले वैद्य. मोजता मोजता ध्यानात आलं की पेशी मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी येतात. मग त्या आल्या आल्या, आईच्या शरीरानं त्यांना ओळखायच्या आत, बाहेरून प्रतिपिंड देऊन काढून टाकल्या तर? अटलांटिकच्या पलीकडं फ्रेडा, गोरमन आणि पोलॅक याच वाटेनं चालले होते. १९६८ पासून अमेरिकेत हे इंजेक्शन मिळू लागलं. बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत एक टोचणी, आणि पुढचं लेकरू वाचतं. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांच्या रक्तद्रवात हे प्रतिपिंड भरपूर होतं. त्यांनी ते ११७३ वेळा दिलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. ती बातमी वाचून मी शीतकपाटातल्या कुप्यांकडं पाहिलं. आपल्या कुप्यांशी त्यांचा थेट संबंध नाही, पण कुणाच्या तरी दानावाचून हे औषध उभंच राहिलं नसतं.

भारतात निगेटिव्ह लोक शंभरात पाचेक. युरोपात पंधराच्या घरात. त्यामुळं आपल्याकडं हा विषय मागंच पडतो. बहुतेक ठिकाणी एक कुपी देऊन मोकळं होतात, मोजत बसत नाहीत. बहुतेकींना ती पुरतेही. ज्या एखादीला पुरत नाही तिच्यासाठी ही काचपट्टी.

आईच्या रक्तातल्या बाळाची दुसरीही एक शोधकथा आहे, आणि ती वाचताना मी अडखळले. १९६९ मध्ये वाल्क्नोव्स्का, काँट आणि ग्रुमबाख यांनी गर्भार बायकांच्या रक्तात एक्स-वाय गुणसूत्रं असलेल्या पांढऱ्या पेशी दाखवल्या. बाईच्या रक्तात वाय, म्हणजे ती पेशी पोटातल्या मुलाचीच. पुढं १९९७ मध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी आईच्या रक्तद्रवात तरंगणारा बाळाचा डीएनए शोधला तोही वायच्याच खुणेवरून. शास्त्राच्या दृष्टीनं हे सरळ आहे: आईकडं जे नाही तेच तिच्यात परकं म्हणून उठून दिसणार. पण याचा अर्थ असा, की कितीतरी वर्षं ज्या पेशी सापडत गेल्या त्या मुलग्यांच्या होत्या. मुलीही तितक्याच येत होत्या. त्या आईसारख्याच असल्यानं तिच्यात मिसळून जात होत्या आणि मोजल्या जात नव्हत्या. आपल्याकडं वायच्या शोधाचं काय होऊ शकतं हे सांगायला नको. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला तो १९८८ मध्ये, मग १९९४ मध्ये देशाचा आला, आणि आईच्या नळीभर रक्तातून बाळाचं लिंग कळू शकतं ही गोष्ट मला आजही धास्तावते. क्लाइहावरच्या काचपट्टीवर माझा जीव जडला त्याचं हेही एक कारण. ती मुलगा-मुलगी पाहत नाही. लेकीची पेशीही तितकीच गर्द गुलाबी उठते.

या पेशी किती काळ राहतात? तांबड्या पेशी काही महिन्यांत संपतात. पण बाळाकडून आईत मूळपेशीही येतात, आणि त्यांचं आयुष्य निराळं. डायना बियांकी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की मुलगा होऊन २७ वर्षं उलटलेल्या बाईच्या रक्तातही त्याच्या पेशी मिळतात. मुलगा तोवर बापाएवढा झालेला, कदाचित परगावी नोकरीला लागलेला. या पेशींचं आईत काम काय असतं, त्या तिची जखम भरायला मदत करतात की कधी आजारालाही कारण होतात, यावर शास्त्रज्ञांत खल चालू आहे. राहतात हे खरं.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. सात वाचली. त्या दिवसाबद्दल लिहायला भंडाऱ्यातल्या कुणाचाही हात कापतो. नंतर केव्हातरी बियांकींचं संशोधन पुन्हा चाळताना त्या आयांचा विचार मनात आला आणि गेला नाही. कुणाचं बाळ काही दिवसांचं, कुणाचं काही आठवड्यांचं. बारसं झालेलं असेल, नसेल. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या रक्तात, हाडांच्या मगजात, त्या लेकरांच्या पेशी आज असण्याचा पुरेपूर संभव आहे. हे मी सांत्वन म्हणून लिहीत नाही. पेशीनं मांडी भरत नाही, आणि असं काही एखाद्या आईला समोर बसून सांगायची माझी छाती नाही. तरी जे आहे ते आहे. मुलाच्या नावानं कुठल्याच दाखल्यावर काही उरलेलं नसताना आईच्या देहात त्याची नोंद राहते, आणि ती कुणाला खोडता येत नाही.

आता सिकलसेलबद्दल. क्लाइहावरची पुस्तकी पद्धत भंडाऱ्यात येऊन अडते ती याच जागी, आणि हे सगळं लिहायला मी बसले तेही त्यासाठीच.

विदर्भाच्या या पूर्व भागात, तलाव, धान आणि जंगलाच्या पट्ट्यात, सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. क्लाइहावरच्या शोधानंतर जेमतेम वर्षभरानं. हा आजार आदिवासींत आहे, पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजांत आहे, इतर मागास समाजांतही आहे. ज्याला एकाच पालकाकडून हा गुण मिळतो त्याला आम्ही 'एएस' म्हणतो, तो वाहक. दोघांकडून मिळाला तर 'एसएस'. प्राणवायू कमी पडला की एसएसच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग ते हाडं फोडणारं दुखणं. एकटा गुण असेल तर मलेरियापासून काहीसं रक्षण होतं, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. मलेरियाच्या मुलखात तो टिकला तो त्यामुळं. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. आमच्याकडं त्याआधीपासून नळ्यांचे ट्रेच्या ट्रे येत आहेत.

ती नळी पावसाळ्यात आली, दिवेलागणीला. आई निगेटिव्ह, सिझेरियन झालेलं, मुलगी पॉझिटिव्ह. नमुना थोडा कमी होता म्हणून मी दुसरा मागवला, तर सासूबाई तणतणत दारात आल्या. "रगत तं कालच नेल्लं ना जी मॅडम, आता आनखी कायले पाह्यजे?" त्यांना खुर्ची दिली, सांगितलं, की नातीचं काही आईत राहिलंय का ते पाहायचंय. त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "राहीनच ना माय. नऊ महिने होती." आणि बसून राहिल्या.

काचपट्टी भिंगाखाली घेतली तर सगळं गुलाबी. जिथं दोन हजारांत पाच-दहा दाणे शोधायचे तिथं दर पाच पेशींत एक भरलेली. मोजलं तर बावीस टक्के आले. पन्नासनं गुणलं: अकराशे मिलिलीटर. नवजात बाळाच्या अंगात असतं त्याच्या चौपट रक्त बाळातून आईत गेलं, असं माझं गणित म्हणत होतं; आणि ते बाळ पलीकडं चांगलं टाहो फोडून रडत होतं, भिंतीतून ऐकू येत होतं. पडताळ्याच्या दोन्ही पट्ट्या चोख होत्या. आम्ल बरोबर होतं. मग मी पुन्हा पाहू लागले, मोजायला म्हणून नाही, नुसतं पाहायला. सगळ्या गुलाबी पेशी सारख्या नव्हत्या. बहुतेक फिकट, कमीजास्त, एक थोडी भरलेली तर दुसरी अर्धीमुर्धी. त्यांच्यात अगदी मोजक्या, एकसारख्या गर्द. आणि मधून मधून टोकाशी निमुळत्या झालेल्या, वाकलेल्या कडा.

सासूबाईंना विचारलं, "हिचं सिकलचं कार्ड आहे का?" त्यांनी पदराच्या गाठीतून प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं कार्ड काढलं. एसएस. लहानपणापासूनचं. प्रसूतीच्या कागदावर ते कुठंच आलं नव्हतं, कारण त्या छापील कागदावर रक्तगटाला रकाना होता, सिकलला नव्हता.

फिकट पेशी तिच्या स्वतःच्या होत्या. जन्मानंतर वर्षभरात माणसाचं गर्भातलं हिमोग्लोबिन जवळजवळ संपतं, मोठ्याचं सुरू होतं. काहींत ते पुरतं संपत नाही. भारतातल्या सिकलसेलच्या रुग्णांत ते अनेकदा पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत टिकतं. आपल्याकडच्या जनुकपट्ट्याला 'अरब-भारतीय' म्हणतात त्याचं हे एक लक्षण. आणि ते ज्याच्यात टिकतं त्याला ते राखतं, कारण पेशीला विळ्याचा आकार देणारी जी साखळी आत तयार होते तिच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन गुंफलं जात नाही. जॅनेट वॉटसन या न्यू यॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. सिकलसेलची बाळं पहिल्या महिन्यांत आजारी पडत नाहीत त्याचं कारण त्यांनी १९४८ मध्येच ओळखलं होतं: जन्माआधीचं हिमोग्लोबिन अजून अंगात असतं. आज हायड्रॉक्सियुरियाची गोळी देतात ती तेच वाढवण्यासाठी. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन यांनी आपल्याकडच्या मुलांना कमी, ठरावीक मात्रेतही ती लागू पडते हे दाखवलं, तेव्हा इथल्या कितीतरी घरांतलं दुखणं हलकं झालं. २०२३ च्या अखेरीस परदेशात मान्य झालेला जनुकसंपादनाचा महागडा उपचारही हेच करतो, बंद झालेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो.

म्हणजे त्या संध्याकाळी काचपट्टीवर बाळाच्या शोधात मला आईचंच बाळपण सापडलं होतं. तिच्या स्वतःच्या आईच्या पोटात असताना जे हिमोग्लोबिन तिनं बनवायला घेतलं ते तिच्या शरीरानं सोडलं नाही, म्हणून ती शाळेत गेली, रोवणीला गेली, वयात आली, बाळंत झाली. ते नसतं तर बाळंतपणाच्या टेबलापर्यंत ती पोचली असतीच असं नाही. युरोपात बसवलेली ही तपासणी गृहीत धरते, की मोठ्या बाईत गर्भातलं हिमोग्लोबिन दिसलं तर ते तिच्या बाळाचं. आमच्या भागात हे गृहीतक धरता येत नाही. इथं ज्या आजारी बायका आई होण्यापर्यंत जगतात त्यांच्यातच ते असण्याचा संभव अधिक. ज्या गोष्टीनं त्यांना जगवलं तीच आमचं गणित चुकवते. निरोगी बाईतही गर्भारपणात अशा फिकट पेशी थोड्या वाढतात, थॅलेसेमियातही असतात. तेव्हा डोळा तयार हवा तो इथल्या तंत्रज्ञाचा.

मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत आता फ्लो सायटोमीटर आहेत. पेशीत गर्भातलं हिमोग्लोबिन किती भरलंय ते यंत्र एकेक करून मोजतं, आईच्या फिकट आणि बाळाच्या गर्द पेशी वेगळ्या काढतं. ते प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी यावं असं मला मनापासून वाटतं. सिकलसेलच्या पट्ट्यात तर आधी यावं, कारण गरज इथं जास्त आहे. ते येईतो निदान एवढं व्हावं, की निगेटिव्ह आईच्या कागदावर रक्तगटाशेजारी सिकलचा रकाना छापला जावा. त्याला खर्च शाईचा. मी नव्या मुलींना शिकवताना काचपट्टीआधी हाच प्रश्न विचारायला लावते. कुणी विसरली तर कागद परत पाठवते, रागावते सुद्धा.

त्या रात्री मी गर्द, एकसारख्या पेशी तेवढ्या वेगळ्या मोजल्या, दोनदा. दोन हजारांत तीन. म्हणजे साडेसात मिलिलीटर. एक कुपी पुरून उरत होती. अहवालात आकड्याखाली शेरा लिहिला: आई सिकलसेल एसएस, फिकट पेशी तिच्या स्वतःच्या, हिशेबात धरलेल्या नाहीत. डॉक्टरांनी फोन करून तो पुन्हा वाचून घेतला, मग इंजेक्शन लिहिलं. सासूबाई अजून बाकावर होत्या. "सापडली का वो नात?" त्यांनी विचारलं. "सापडली," मी म्हटलं. "आणि सूनही सापडली." दुसऱ्या वाक्याचा अर्थ त्यांनी विचारला, तेव्हा त्यांना आत बोलावून भिंगाला डोळा लावायला दिला, आणि कोणती कुणाची ते दाखवत बसले.